कामाचो माणूस

फुटबॉलमध्ये बॅक खेळणाऱ्या माणसाला चरित्र नसते. गोल करणाऱ्याचे गोल मोजता येतात. न झालेले गोल कोण मोजणार? चेंडू आला, त्याने पाय घातला, चेंडू गेला, संपली त्याची गोष्ट. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र येते ते दोन्ही हात पसरून धावणाऱ्या फॉरवर्डचे. बॅकचे आलेच तर खुशाल समजावे, की काल त्याने काहीतरी घोटाळा करून ठेवला आहे. मी सहा वर्षे बॅक खेळलो, म्हणून हे थोड्या अधिकाराने लिहितो.

तरीही एका बॅकचे चरित्र गेले वर्षभर माझ्या डोक्यात ठाण मांडून बसले आहे. होसे अन्तोनियो कामाचो हे त्याचे नाव. आमच्या वर्गातल्या मालवणच्या मित्राने ते प्रथम ऐकले तेव्हा तो पोट धरून हसला. "अरे, ह्यो आमचोच मरे! कामाचो माणूस!" विनोद सोडून द्या, पण या नावाची याहून चांगली व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या आमच्या सरांनाही सापडेल असे वाटत नाही.

कामाचोचा जन्म १९५५ चा, स्पेनच्या मूर्सिया भागातल्या सिएसा या गावचा. अल्बासेते संघाकडून थोडे खेळून तो अठराव्या वर्षी रेआल माद्रिदमध्ये आला आणि १९८९ पर्यंत तिथून हलला नाही. पाचशेहून अधिक सामने, नऊ वेळा लीगचे अजिंक्यपद, दोनदा यूएफा चषक, देशासाठी ८१ सामने. बहुतेक काळ डावा बॅक. बार्सिलोनाकडून योहान क्रुइफ खेळत होता त्या दिवसांत त्याच्या मागे सावलीसारखे फिरण्याचे काम या विशीतल्या पोराच्या गळ्यात पडे. नजाकतीसाठी कुणी कामाचोचे नाव घेत नाही. तो हटत नसे, एवढेच.

आणि मग १९७८ च्या सुरुवातीला, सामन्यात नव्हे, साध्या सरावात, त्याचा गुडघा गेला. वय बावीस. त्या वर्षीचा अर्जेंटिनातला विश्वचषक गेला, १९८० ची युरोपीय स्पर्धा गेली. जवळजवळ दोन वर्षे तो मैदानाबाहेर होता. त्या काळात गुडघा जाणे म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत खेळ संपणे. हा परत आला, आणि आणखी नऊ वर्षे खेळला.

हे चरित्र मी का वाचत बसलो, ते आता सांगायला हवे. दोन वर्षांपूर्वी, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या सरावातच, माझ्याही उजव्या गुडघ्याचे लिगामेंट तुटले. शस्त्रक्रिया झाली, सहा महिने व्यायाम झाले. जिना चढता येतो, सायकल मारता येते. पण वळताना गुडघा दगा देतो. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, की पुन्हा पायात पाय घालायचा नाही. आमच्या कोल्हापुरात, जिथे विश्वचषकाच्या दिवसांत गल्लीगल्लीत ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लागतात आणि पेठांच्या सामन्यांना शाहू स्टेडियम ओसंडून वाहते, तिथे एकविसाव्या वर्षी हे ऐकणे म्हणजे काय, ते इथल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. आरंभी कामाचो मला आवडला तो, उघडच आहे, परत आला म्हणून. मी त्याच्यात माझी आशा शोधत होतो. ती काही तिथे नव्हती. पण तोवर मी पुढची पाने उलटली होती.

पुढची पाने प्रशिक्षकाची. बॅक जेव्हा प्रशिक्षक होतो, तेव्हा नेमके काय होते? माझ्या मते त्याचे एकुलते एक शस्त्र काढून घेतले जाते. संकट आले की स्वतःचा पाय मध्ये घालायचा, ही बॅकची सारी विद्या. आता संकट समोरून येताना दिसते, इतरांच्या आधी दिसते, आणि चुन्याच्या रेषेपलीकडे पाऊल टाकायची मनाई! फॉरवर्डला हे बहुधा इतके जाचत नसावे.

१९९४ मध्ये कामाचोने एस्पान्योल संघाला वरच्या श्रेणीत परत आणले. १९९८ मध्ये सायप्रससारख्या चिमुकल्या देशाकडून हरलेली स्पेनची चमू त्याच्या हाती आली. पुढल्या वर्षी तिने ऑस्ट्रियाला नऊ गोल मारले. २००० च्या युरोपीय स्पर्धेत उपान्त्यपूर्व सामन्यात फ्रान्सविरुद्ध अगदी शेवटी पेनल्टी मिळाली. राउलने चेंडू गोलखांबावरून उडवला. आणि मग २००२, ग्वांगजू.

तो सामना माझ्या जन्माच्या आधीचा. मी तो मोबाइलवर तीनदा पाहिला. यजमान दक्षिण कोरिया विरुद्ध स्पेन. स्पेनचे दोन गोल नाकारले गेले. दुसऱ्या वेळी होआकिनने मारलेला क्रॉस रेषेबाहेर गेल्याचा निर्णय झाला. तो चेंडू आत होता हे आजही चित्रात स्वच्छ दिसते. १२० मिनिटे गोलशून्य. पेनल्ट्यांवर कोरिया ५-३. पण मी बघत होतो ते रेषेवरच्या माणसाला. उकाड्याने त्याचा सदरा काखेपासून खाली भिजत चालला होता. त्या घामाच्या डागांची स्पेनमध्ये पुढे फार थट्टा झाली म्हणे. मला त्यात थट्टेचे काही दिसले नाही. धावणारे धावत होते, आणि घाम यालाही तेवढाच येत होता.

एक योगायोग सांगतो. तो दिवस २२ जूनचा. १९८६ च्या विश्वचषकात, मेक्सिकोतल्या प्वेब्ला शहरात, बेल्जियमकडून स्पेन पेनल्ट्यांवरच हरला, तोही २२ जूनलाच. आणि तेव्हा कामाचो कर्णधार म्हणून मैदानात होता. तीच तारीख, तीच फेरी, तीच रीत; एकदा रेषेच्या आत, एकदा बाहेर. कोणता पराभव जास्त लागला असेल? मला वाटते, दुसरा.

याहून भयंकर गोष्ट २००४ च्या जानेवारीतली. विश्वचषकानंतर पद सोडून तो पोर्तुगालमध्ये बेन्फिकाचा प्रशिक्षक झाला होता. गिमारायेंश येथे सामन्याच्या अखेरच्या मिनिटांत, बदली म्हणून उतरलेला मिक्लोश फेहेर हा चोवीस वर्षांचा हंगेरियन खेळाडू पिवळे कार्ड मिळाल्यावर किंचित हसला, गुडघ्यांवर हात टेकून वाकला आणि मागे कोसळला. हृदय थांबले होते. त्याच रात्री तो गेला. चित्रफितीत कामाचो रडताना दिसतो; लपवून नव्हे, सगळ्यांदेखत. आयुष्यभर ज्याने पाय मध्ये घातला, त्याने आता काय मध्ये घालायचे होते? बेन्फिकाने फेहेरचा २९ हा क्रमांक कायमचा निवृत्त केला. त्या मे महिन्यात याच संघाने पोर्तुगीज चषकाच्या अंतिम सामन्यात मोरिन्योच्या पोर्तोला जादा वेळेत २-१ हरवले, आणि तो विजय फेहेरला अर्पण केला. हे तेच पोर्तो, जे दहाच दिवसांनी युरोपचे अजिंक्यवीर ठरले! कामाचोच्या प्रशिक्षकपदाच्या साऱ्या कारकिर्दीत मोठा म्हणावा असा चषक हाच.

रेआल माद्रिदने त्याला दोनदा बोलावले. १९९८ मध्ये तो २२ दिवसांत, एकही अधिकृत सामना होण्यापूर्वी, मतभेद होऊन निघून गेला. २००४ मध्ये झिदान, रोनाल्डो, बेकहॅम, फिगो अशा ताऱ्यांचा संघ हाती असताना सहा सामन्यांनंतर राजीनामा दिला. पुष्कळ लोक याला तापटपणा म्हणतात. असेलही. मला मात्र त्यात जुना बॅक दिसतो: खेळाडूंना दोष देत बसण्यापेक्षा त्याने मध्ये घालण्याजोगी उरलेली एकच वस्तू घातली, ती म्हणजे स्वतःची खुर्ची. पुढचे सगळे उतारावरचे. पुन्हा बेन्फिका, ओसासुना, मग चीन. तिथे २०१३ मध्ये थायलंडकडून ५-१ असा पराभव झाला आणि त्याला काढले. शेवटी आफ्रिकेतले गॅबोन, २०१८ पर्यंत.

आमच्या तालमीतले आबा शस्त्रक्रियेनंतर घरी आले होते. चहा प्याले, गुडघ्याकडे पाहिले आणि खिशातून शिट्टी काढून माझ्या हातात ठेवली. "पाय गेला तर जाऊ दे. डोळं हाईत न्हवं? चौदा वर्षाखालची पोरं तू सांभाळ." मी म्हणालो, "आबा, मला रेषेवर उभं राहायला नाही जमणार." ते म्हणाले, "मला तरी कुठं जमतंय? पन्नास वर्षं झाली."

२०१० साली जोहान्सबर्गला स्पेनने विश्वचषक जिंकला, तेव्हा कामाचो स्पॅनिश दूरचित्रवाहिनीसाठी समालोचन करीत होता. त्या दिवशीच्या संघातले कासियास, पुयोल आणि झावी यांना देशाकडून पहिला सामना त्यानेच, २००० साली, खेळायला दिला होता. ११६ व्या मिनिटाला इनिएस्ताचा गोल झाला आणि कामाचो सगळे समालोचन विसरून ओरडला, "इनिएस्ता दे मि विदा!" इनिएस्ता, माझ्या जिवा! आवाज फाटलेला आहे.

ती फीत मी गेल्या रविवारी पोरांना दाखवली. इनिएस्ता सगळ्यांना ठाऊक होता. एकाने विचारले, "दादा, ह्यो वरडतोय कोण?" मी सांगायला लागलो, सिएसा गावापासून, पण तोवर दोघे बॅक कोण खेळणार यावरून भांडू लागले होते, दोघांनाही नको होते, आणि मला शिट्टी वाजवावी लागली.