तानकाटा

प्रयोगशाळेतल्या कपाटाशेजारी खिळ्याला तो लटकलेला असतो. वर कडी, खाली आकडा, पोटात स्प्रिंग आणि छातीवर दोन मापपट्ट्या. एका बाजूला ग्रॅम, दुसऱ्या बाजूला न्यूटन. दोन्हींवरून फिरणारा दर्शक मात्र एकच. गॅसचं सिलिंडर दारात तोलून देणाऱ्याच्या हातातला काटा याचाच दणकट भाऊ.

त्याला कळतं ते फक्त ओढणं. जितकी ओढ दुप्पट, तितकी स्प्रिंग दुप्पट लांबणार. रॉबर्ट हूकने १६७८ साली छापून सांगितलेल्या या एका नियमावर त्याचं सगळं आयुष्य चाललं आहे. आकड्याला काय अडकवलं आहे, याची चौकशी तो करत नाही. भोपळा असो की लाकडी ठोकळा, त्याच्यापर्यंत पोचतो तो नुसता ताण.

मुलांनी तो आडवा धरून आकड्यात बोट घालावं आणि पाच न्यूटनपर्यंत ओढावं. शेजारची पट्टी त्याच वेळी सुमारे ५१० ग्रॅम दाखवते. हे ५१० ग्रॅम कशाचे? बोटाचे नव्हेत, हवेचे नव्हेत. एवढं वस्तुमान पृथ्वी जितकं खाली ओढेल तितकं ते बोट आडवं ओढतं आहे, एवढाच त्याचा अर्थ. किलोग्रॅम-भार हे एकक इथे पहिल्यांदा खऱ्या अर्थाने समजतं. पाठ केलेल्या व्याख्येतून ते समजत नाही, असं माझं ठाम मत आहे.

पृथ्वीची ओढही सगळीकडे सारखी नाही. एका किलोला ती विषुववृत्तावर ९.७८ न्यूटनने खेचते, ध्रुवांवर ९.८३ न्यूटनने. म्हणून १९०१ साली वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने एक प्रमाण मूल्य ठरवून टाकलं. त्यानुसार एक किलोग्रॅम-भार म्हणजे नेमके ९.८०६६५ न्यूटन. आपल्या काट्याच्या दोन पट्ट्यांमधलं नातं ते हेच. हाच काटा चंद्रावर नेऊन एक किलोचं माप लावलं, तर न्यूटनची पट्टी १.६२ दाखवेल आणि ते बरोबर असेल. ग्रॅमची पट्टी सुमारे १६५ दाखवेल आणि माप तर किलोचंच आहे! माझा जीव न्यूटनच्या पट्टीवर आहे, तो यासाठी.

जुन्या पुस्तकांतला डाइन त्याच्या अंगावर मावत नाही. एका न्यूटनमध्ये एक लाख डाइन बसतात. पाउंड-भारही त्याच्यावर नाही, तो ४.४५ न्यूटनचा. या ४.४५ ने केलेला घात मोठा आहे. नासाच्या ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ यानाच्या छोट्या इंजिनांनी दिलेला रेटा जमिनीवरची एक संगणकप्रणाली पाउंड-सेकंदांत नोंदवत होती आणि मार्ग आखणारे तोच आकडा न्यूटन-सेकंद समजून वाचत होते. यान मंगळाच्या ठरल्यापेक्षा फार जवळून गेलं आणि २३ सप्टेंबर १९९९ रोजी कायमचं हरवलं. इंजिनांचं काम चोख होतं. आकड्यामागचं एकक तेवढं कोणी पडताळलं नव्हतं.

विज्ञानाच्या शिक्षकांना म्हणून कळकळीची विनंती आहे. तानकाटा खिळ्यावरून काढून मुलांच्या हातात द्या, दोन्ही पट्ट्या वाचून वहीत मांडायला लावा आणि एककाशिवाय लिहिलेल्या उत्तराला गुण देऊ नका.