बराकपुरातला नागपूरचा वर्ग

जानेवारीत सकाळी साडेसहाला, फोनवरून आमचा योगवर्ग घेणाऱ्या ताईंच्या नागपुरातल्या खिडकीबाहेर अजून उजाडलेलं नसतं. ट्यूबलाइटच्या उजेडात त्या सूर्यनमस्कार सांगत असतात आणि इकडे बराकपूरला माझ्या गच्चीवर कोवळं ऊन आलेलं असतं. घड्याळ एकच, पण सूर्य आमच्याकडे अर्धा तास आधी हजर.

मी योग शिकले ते हातांनी. नागपूरला रामनगरात जनार्दनस्वामींच्या योगाभ्यासी मंडळाचे वर्ग फुकट चालत. शाळेत असताना आईनं तिथे नेलं. सतरंज्यांच्या रांगांमधून शिकवणाऱ्या काकू फिरायच्या, बोलायच्या कमीच. सर्वांगासनात बरगडीखाली दोन बोटं टेकवली की पाठ आपसूक वर सरकायची. पश्चिमोत्तानासनात पाठीवर तळवा ठेवून नुसत्या उभ्या राहायच्या, दाबायच्या नाहीत. पुण्यात अय्यंगार गुरुजींच्या चापट्यांचा मोठा दरारा होता म्हणे; आमच्या काकूंचा हात त्या मानानं फारच गरीब.

पुढे यजमानांची नागपूरच्या अंबाझरीहून इच्छापूरच्या रायफल कारखान्यात बदली झाली आणि घर बराकपूरला लागलं. बंगालला योगाचं वावडं मुळीच नाही. परमहंस योगानंदांचे धाकटे भाऊ विष्णुचरण घोष यांनी १९२३ साली कोलकात्यात व्यायामाचं कॉलेज काढलं. अमेरिकेत तापलेल्या खोल्यांमधून आसनं करवून घेणारे बिक्रम चौधरी त्यांचेच शिष्य. इथल्या मोहल्ल्यातल्या क्लबातही योगव्यायाम असतो, पण तिथे पोरं स्पर्धेसाठी अंगाच्या गाठी मारतात. मी बाहेरूनच पाहून यायची.

मार्च २०२० मध्ये सगळंच बंद झालं, तेव्हा ताईंनी मोबाइलवर वर्ग सुरू केला. फुकटच्या खात्यावर चाळीस मिनिटांनी बैठक तुटायची, ती नेमकी शवासनात. बाकीच्या जणी उठून पुन्हा लिंक शोधायच्या. मी आपली खुशाल पडून राहायची. २० मेला अंफान चक्रीवादळ आलं, वीज आणि नेटवर्क दोन्ही घेऊन गेलं, आणि मग वर्ग कसला!

फोन कुठेही टेकवा, डोकं दिसलं तर टाच कापली जाते. त्यामुळे ताईंचं सगळं काम तोंडानं: ‘मागची टाच रोवा, गुडघ्याची वाटी वर ओढा, बरगड्या उचला.’ मला ते लगेच जमतं, पण त्यात माझी हुशारी काही नाही. ‘बरगड्या’ म्हटलं की काकूंची दोन बोटं जिथे लागायची ती जागा आपोआप हलते.

हे लक्षात आलं ते शेजारच्या बौदीमुळे, म्हणजे बंगाली वहिनीमुळे. माझं पाहून तीही वर्गात आली. ताई तिच्यासाठी हिंदीतून पुन्हा सांगतात, तिला शब्द कळतात, तरी ‘खांदे मागे’ म्हटलं की ती छाती फुगवून कंबर मोडते. समोरच्या कॅमेऱ्याला ती छान ताठ दिसते, ताई ‘बहोत अच्छे’ म्हणतात आणि दुपारी बौदी कंबर धरून माझ्याकडे येते. घरबसल्या योग शिका अशा जाहिराती हल्ली सारख्या दिसतात. माझ्यासारखीनं आधीचं टिकवायला तो वर्ग उत्तम. कोऱ्या शरीराला मात्र मी तिथे एकटं पाठवणार नाही.

हल्ली बौदी तिची चटई माझ्याच गच्चीवर अंथरते. ती पुढे वाकली की मी उठून तिच्या पाठीवर तळवा ठेवते, दाबत नाही. मग फोनमधून ताई ओरडतात, ‘बराकपूर, तुमची चटई रिकामी दिसतेय! गेलात कुठे?’