विस्थापनाच्या कादंबऱ्या आणि माहीमचा किनारा

विस्थापनावरच्या मराठी कादंबऱ्यांचा विषय निघाला की विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ (1991) सर्वांत आधी आठवते. धरणाखाली जाणारे जांभळी गाव, खैरमोडे गुरुजी आणि मोबदल्यासाठी कचेरीचे उंबरे झिजवणारी माणसे हा तिचा ऐवज. पाटील महसूल खात्यात अधिकारी होते. कागद कुठल्या टेबलावर अडतो आणि कशाने हलतो, हे कादंबरीला नेमके ठाऊक आहे. पसारा मोठा आहे, खलपात्रे काहीशी ठोकळेबाज आहेत. तरी पुनर्वसन ही एकदाची होऊन जाणारी घटना नसून वर्षानुवर्षे चालणारी झीज आहे, हे तिने पटवून दिले. 1992 साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ (2018, साहित्य अकादमी 2023) तिथून बरीच पुढे जाते. धरणामुळे गाव उठले आहे, वसाहत झाली आहे, कागदोपत्री प्रश्न मिटला आहे. देवाप्पा मात्र मागे राहिलेल्या म्हशीला आणायला जुन्या गावाच्या रानात परततो. म्हैस आता दावणीची राहिलेली नाही. माणसावाचून जगायला ती शिकली आहे. माणूस आणि जनावर एकमेकांचा माग काढतात, एकमेकांना भितात. मोर्चा नाही, मोबदल्याचा हिशेब नाही. फक्त रान, चिखल, वास आणि धाप. माणसाला हलवताना त्याच्या गोतावळ्यातले काय मागे पडते, हे एका म्हशीवरून कळते. निवेदन मधेमधे घुटमळते, पण ही कादंबरी संथपणेच वाचायची आहे.

पालघर स्टेशनच्या पश्चिमेला असलेल्या माहीममध्ये या कादंबऱ्या वाचताना वेगळे प्रश्न पडतात. (मधु मंगेश कर्णिकांची ‘माहीमची खाडी’ मुंबईच्या माहीमची, तिचा या गावाशी संबंध नाही.) ‘माहीमची खाडी’ 1969 साली आली, त्याच वर्षी उत्तरेला तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले. पुढे याच केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. आता याच किनाऱ्यावरच्या वाढवण बंदराची पाळी आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून 2024 मध्ये त्याला मंजुरी दिली, अंदाजे खर्च 76,220 कोटी रुपये, आणि ऑगस्टअखेर पायाभरणीही झाली. यात सुमारे 1,448 हेक्टर जागा समुद्रात भराव घालून तयार व्हायची आहे.

धरणाच्या कादंबरीतला विस्थापित बहुतेक वेळा शेतकरी असतो. त्याचे नाव सातबाऱ्यावर असते. जमिनीची प्रत, झाडे, घर यांची मोजणी होते. ती खोटी झाली तरी भांडायला आकडा असतो. माहीमच्या पानवेलीच्या वाडीला हे गणित एक वेळ लागू पडेल, कारण वाडी उताऱ्यावर येते. मांगेला मच्छीमाराचे काय? डोल जाळ्याचे खुंट समुद्रात कुणी कुठे रोवायचे हे पिढ्यान्‌पिढ्या गावात ठरलेले असते. पण ती जागा सातबाऱ्यावर चढत नाही. भरावाने प्रवाह बदलला, मासळी सरली, तर घर आहे तिथेच उभे राहते आणि धंदा जातो. घर न हलता होणारे हे विस्थापन ‘झाडाझडती’च्या चौकटीत मावत नाही. ‘रिंगाण’ची पद्धत त्याच्या अधिक जवळची आहे, कारण तिथे हरवलेल्या गोष्टीची मोजदाद करण्याचा खटाटोपच नाही.

भाषेचाही मुद्दा आहे. खोत कोल्हापूरकडच्या डोंगराळ मुलखातली बोली केवळ संवादापुरती न ठेवता निवेदनातही मुरवतात. या किनाऱ्याकडे वाडवळी आहे, मांगेली आहे. वारा, भरती-ओहोटी आणि मासळी यांचे तपशील त्या बोलींत जितके बारीक सांगता येतात तितके प्रमाण मराठीत येत नाहीत. बंदरावरची कादंबरी लिहिणाऱ्याला ‘झाडाझडती’तल्या कागदपत्रांच्या जाणकारीइतकीच ही जाणकारीही लागेल.