सूचनाफलकावरचे शब्द

२१ नोव्हेंबर २०२४ पासून जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन खुले होणार होते. दर दहा वर्षांनी येणारी ही पर्वणी! आमच्या धर्मग्रामातून यात्रा न्यायचे ठरले आणि सूचना लिहिण्याचे काम ओघानेच आमच्याकडे आले. आम्ही लिहिले : 'प्रवास लांबचा आहे. रांगेत बराच वेळ उभे राहावे लागेल. प्रकृती ठीक नसलेल्यांनी धोका पत्करू नये.' ह्यात असत्य काहीच नव्हते. मात्र बसच्या निम्म्या जागा रिकाम्या राहिल्या.

युवक मंडळातील एका मुलीने संकोचत सुचविले, "फादर, जरा वेगळं लिहू या का?" तिने लिहिले : 'वाटेत विश्रांतीचे थांबे आहेत. वृद्धांना हात द्यायला आपले तरुण सोबत आहेत. चाकांची खुर्चीही घेतली आहे.' हे सारे आधीच ठरले होते. आम्ही लिहिले नव्हते इतकेच. बस तीच, वाट तीच. आठवड्याभरात बस भरली.

१९८१ साली ट्वर्स्की आणि कानेमन ह्या मानसशास्त्रज्ञांनी ६०० जणांचा जीव धोक्यात आणणाऱ्या रोगाचा एक कल्पित प्रश्न मांडला होता. 'ह्या उपायाने २०० जण वाचतील' असे सांगितल्यावर शंभरातील ७२ जणांनी तो निवडला. तोच उपाय '४०० जण मरतील' अशा शब्दांत मांडला, तेव्हा निवडणारे २२ च उरले! प्रवाशांचेही तसेच. १४८८ साली बार्तोलोमेऊ दियाश आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून आला. त्या टोकाला प्रथम 'वादळांचे भूशिर' म्हणत. पोर्तुगालच्या राजाने ते बदलून 'आशेचे भूशिर' केले, असे इतिहासकार सांगतात. वादळे काही थांबली नाहीत; पण जहाजे जात राहिली. त्याच वाटेने १५४२ मध्ये संत फ्रान्सिस झेवियर गोव्याला पोहोचले.

यात्रेहून परतल्यावर आम्ही एका वृद्ध मावशींना संतांचे चित्र द्यायला गेलो. त्यांनी ते कपाळाला लावले आणि म्हणाल्या, "१९९४ साली ह्यांच्याबरोबर गेले होते, फादर. पुन्हा एकदा जायचं मनात होतं. पण तुम्हीच लिहिलं होतं ना, धोका पत्करू नये म्हणून?"

दुसरी सूचना त्यांनी वाचलीच नव्हती. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे. आता पुढचे दर्शन २०३४ साली. आम्हांला उत्तर सुचले नाही.

अडचणी झाकून गोड लिहावे, असे आम्ही म्हणत नाही, तीही फसवणूकच. परंतु अडचण सांगताना आधाराचा हातही सांगायला हवा. केवळ भय सांगणारे सत्य अर्धेच असते. आता सूचना लिहिताना आम्ही थांबतो. ती वाचून कोण मुकाट्याने घरी परत जाईल, हे मनाशी विचारतो, आणि मगच कागद फलकावर लावतो.