खांद्यावरून उतरलेला हुद्दा

आमच्या गावावर निजामाचा आणि पलीकडच्या बार्शीवर इंग्रजांचा अंमल असल्यामुळे धाराशिवहून आजोळी जाणे म्हणजे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणे होते, त्या काळी, मी नऊ वर्षांचा असताना, थोरल्या मामांनी लष्करी ट्रंकेतून एक लहानशी पुडी काढून माझ्या तळहातावर सोडली; आणि माझ्या संग्रहाचा प्रारंभ तेथे झाला.

मामा मराठा पलटणीतून इटलीत लढले होते. ज्या सेनिओ नदीच्या काठी 9 एप्रिल 1945 रोजी नामदेव जाधवांनी जखमी सोबत्यांना वाहून आणून व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला, ती नदी त्यांच्याच पलटणीने ओलांडली होती. 2 मे रोजी तेथील जर्मन फौजेने शस्त्रे खाली ठेवल्यावर, कैद झालेल्या एका अधिकाऱ्याने सिगारेटच्या पाकिटाच्या मोबदल्यात स्वतःच्या हाताने उसवून दिलेली खांदेपट्टी त्या पुडीत होती. शेजारीशेजारी शिवलेल्या रुपेरी दोऱ्या, त्यांच्याखाली पायदळाची खूण असलेले पांढरे कापड, वर एकच चौकोनी तारा. तारा नसता तर तो लेफ्टनंट, दोन असते तर कप्तान. एक होता, म्हणून ओबरलॉइटनंट. मागच्या बाजूला तुटलेले चार धागे अद्याप लोंबत होते. मी त्या माणसाचे नाव विचारले, तेव्हा मामा क्षणभर थांबून म्हणाले, “सगळं ध्यानात राहिलं बघ, नाव तेवढं विचारायचं राहिलं.”

पुढे 13 सप्टेंबर 1948 रोजी सोलापूरकडून आलेल्या भारतीय सैन्याने नळदुर्ग घेतला, आणि 1724 पासून चालत आलेली आसफजाही सत्ता पाच दिवसांत खाली बसली. दुसऱ्या वर्षी वडिलांबरोबर किल्ला पाहावयास गेलो असता बोरी नदीच्या काठी निजामी फौजेचे एक पितळी बटन मला सापडले. घरी येऊन ते मी खांदेपट्टीशेजारी ठेवले. ज्या चिन्हांपुढे माणसे अदबीने उभी राहत, ती दोन्ही एका मुलाच्या मुठीत मावत होती.

तेव्हापासून हा छंद सुटला नाही. मेजरपासून पुढे दोऱ्यांची वेणी कशी घातली जाते, सेनापतीच्या पट्टीत सोनेरी आणि रुपेरी पेड तांबड्या कापडावर कसे गुंफतात, हे मी कालांतराने शिकलो. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने अस्सल म्हणून दिलेली पट्टी अतिनील प्रकाशाखाली धरताच तिचा धागा निळसर चकाकला. युद्धोत्तर काळातील शिलाई ओळखण्याची ती एक खूण आहे. त्या दिवशी पैशांपेक्षा विश्वास गमावल्याचे दुःख अधिक झाले. गरुडाच्या पंज्यात स्वस्तिक असलेली चिन्हेही माझ्यापाशी आली. परंतु ज्या राजवटीने साठ लाख ज्यूंची हत्या केली, तिची मुद्रा भिंतीवर मिरविण्याची वस्तू नव्हे, म्हणून ती मी पेटीत बंद ठेवली आहेत. पुराव्याचे जतन करणे आणि पुराव्याला पूजणे यांतील अंतर संग्राहकाने कधीही विसरू नये.

आमच्याच जिल्ह्यातील तेर येथे रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर मणी, नाणी आणि मृण्मूर्ती गोळा केल्या. प्राचीन तगर नगरीचा संसार आज त्यांच्या नावाच्या वस्तुसंग्रहालयात पाहावयास मिळतो. तेथील मातीच्या लहानशा मूर्तींपुढे उभा राहिलो म्हणजे मला मामांचे ते वाक्य आठवते. तगरच्या कुंभाराचे नाव काळाने नेले, त्याला इलाज नाही. पण त्या जर्मन अधिकाऱ्याचे नाव एका प्रश्नाच्या अंतरावर होते.

म्हणून, वाचकहो, आपल्या घरी पलटणीतून परतलेल्या आजोबांचा बिल्ला, फीत किंवा पदक असेल, तर ते मोडीत देऊ नका. आणि ज्याच्या अंगावर ते होते त्याचे नाव, गाव, पलटण आणि साल एका कागदावर लिहून आजच त्याच्याजवळ ठेवा.