कार्ड बदला आणि मग खेळा!

मियू मिनी प्लस हातात आल्यापासून भेटेल त्याला मी एकच सांगतोय : अरे, हे एकदा बघच! साडेतीन इंचांचा स्क्रीन, खिशात मावेल एवढं यंत्र, आणि आत गेम बॉय, सेगा मेगा ड्राइव्ह, सुपर निन्टेन्डो, अगदी पहिलं प्लेस्टेशनसुद्धा! तेही अवघ्या १२८ एमबी रॅमवर! इम्युलेटर नावाचा प्रोग्रॅम जुन्या यंत्राची एकेक आज्ञा वाचतो आणि नव्या प्रोसेसरकडून तेच काम करून घेतो. आपण १९८९च्या गेम बॉयमध्ये नाही, याचा गेमला पत्ताच लागत नाही. गेम बॉयचा स्क्रीन १६० बाय १४४ ठिपक्यांचा, इथला ६४० बाय ४८०. प्रत्येक ठिपका बरोबर तिप्पट करा, कडा कुठेही धूसर होत नाहीत. आणि सेव्ह स्टेट! बटण दाबलं की आख्खी मेमरी त्या क्षणी गोठते. जेवून या, उडी जिथे हवेत होती तिथूनच पुढे!

सोबत मिळालेलं गेमनी खच्चून भरलेलं कार्ड मात्र मी काढून ठेवलं. इम्युलेटर लिहिणं हा गुन्हा नव्हे. सोनी विरुद्ध कनेक्टिक्स खटल्यात अमेरिकी अपील न्यायालयाने २०००मध्येच इम्युलेटर बनवणाऱ्या कनेक्टिक्सच्या बाजूने कौल दिला. खरी जोखीम आहे ती गेमच्या फुकट वाटलेल्या नकलांमध्ये. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ब वाचा : संगणक प्रोग्रॅमची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली, तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. वापर नफ्यासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळू शकतं, पण गुन्हा तो गुन्हाच. २०२५मध्ये इटलीत तर अशा यंत्रांची ओळख करून देणाऱ्या एका यूट्यूबरच्या घरी झडती झाली, त्याची यंत्रं जप्त झाली.

पण कलम ५२ बघा, किती छान आहे! हरवण्या-बिघडण्यापासून बचाव म्हणून स्वतःच्या रीतसर प्रतीची बॅकअप प्रत काढायला ते मुभा देतं. जीबी ऑपरेटर नावाची एक छोटी डबी मिळते. तिच्यात गेम बॉयची कॅसेट खोचायची, यूएसबीने कॉम्प्युटरला जोडायची; गेम उतरतो, शिवाय कॅसेटमधल्या छोट्या बॅटरीवर जगलेला जुना सेव्हही! ती बॅटरी संपली की तो सेव्ह गेलाच, म्हणून ज्यांच्या माळ्यावर कॅसेटी असतील त्यांनी आजच काढाव्यात.

आणि कॅसेटी नसल्या तर? आजही लोक या जुन्या यंत्रांसाठी नवे गेम लिहितात, हो! ‘टोबू टोबू गर्ल’ गेम बॉयसाठी, फुकट आणि मुक्तस्रोत. २०१९चा ‘मायक्रो मेजेस’ निन्टेन्डोच्या आठ बिटी यंत्रासाठी, चौघांना एकत्र खेळता येणारा आणि फक्त ४० केबीचा! एका फोटोपेक्षाही लहान! अशा गेमचे दहा-वीस रुपये जास्त गेले तरी मला आनंदच आहे, ते बनवणाऱ्याच्या हातात पडतात. आता मी जीबी स्टुडिओ उतरवून घेतलंय. कोड न लिहिता त्यात गेम बॉयचा गेम बनवता येतो आणि तो थेट या यंत्रावर चालतो. माझी पहिली पातळी तयार होतेय, नायकाला भिंतीवर चढता येत नाहीये अजून, पण तो उड्या मारतोय!