अख्खं टरबूज

पुण्या-मुंबईकडची मंडळी ज्याला कलिंगड म्हणतात, ते आमच्या नांदेड-लातुरात टरबूज. परभणीच्या कृषी विद्यापीठात गृहविज्ञान शिकले, तेव्हापासून बालवाडीच्या शिक्षिकांना शिकवणं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांची शिबिरं घेणं हेच माझं काम. इतक्या वर्षांत एक गोष्ट मला पक्की कळली आहे. मुलांना टरबुजाच्या फोडी देऊ नका, टरबूज द्या. अख्खं.

फोडी दोन मिनिटांत संपतात. अख्खं फळ दोन तास पुरतं. आधी ते उचलून बघायचं, मग त्याचं बूड शोधायचं. शेतात ते जिथं मातीला टेकून वाढलं, तिथं डाग पडतो. तो लोण्यासारखा पिवळा असेल तर फळ वेलीवर पिकलेलं. पांढुरका असेल तर घाईनं तोडलेलं. हे एकदा समजलं की पाच वर्षांचं पोरही बाजारात आईचा हात ओढून डाग दाखवतं.

नांदेडच्या शिबिरात मी पाण्यानं भरलेला मोठा टब ठेवते. एका हातात द्राक्ष, शेजारी पाच किलोचं टरबूज. कोण बुडेल? सगळे ओरडतात, "टरबूज!" द्राक्ष तळाशी जातं आणि टरबूज तरंगतं, तेव्हा जी शांतता पसरते ती मला फार आवडते. मग प्रश्न सुरू होतात, अगदी टरबूज पिकतं कुठं इथपर्यंत. गोदावरीच्या वाळूत आळी करून टरबूज-खरबूज लावायचे, ते दिवस आठवणारे आजोबा शिबिरात आले तर त्यांनाच मी बोलतं करते. आता मल्चिंग आणि ठिबकवर टरबूज घेतात, रमजानच्या इफ्तारचा हिशेब धरून लागवडीची तारीख ठरवतात. मुलांना हेही ऐकायला आवडतं.

लातुरात मात्र टब भरवत नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते या शहरानं पाहिलं आहे. तिथं मी वेगळा प्रयोग करते. शंभर ग्रॅमची पातळ चकती तागडीत तोलायची आणि गच्चीवर कुरडया-पापडांच्या वाळवणाशेजारी जाळीखाली ठेवायची. मे महिन्याचं ऊन दोन-तीन दिवसांत काम करतं. पुन्हा तोललं की दहा ग्रॅमच्या आसपास भरतं. बाकीचं सगळं पाणी होतं. टरबुजात शेकडा 92 भाग पाणी असतं, हे वाक्य पाठ करण्यापेक्षा ती वाळकी पट्टी तळहातावर घेणं मोलाचं आहे.

खाऊचं सांगते. लाल गर मुलं चमच्यानं काढतात. लहानांच्या हातात चाकू द्यायची गरजच नाही. बिया काढून गर कुस्करायचा, चिमूटभर काळं मीठ आणि जिरेपूड घालायची, छोट्या पेल्यांत ओतून काडी रोवायची आणि गोठवायचं. गाडीवरच्या गारेगारपेक्षा हे मुलांना जास्त आवडतं, कारण ते त्यांनी केलेलं असतं. खरी गंमत पांढऱ्या गरात आहे. एका आजीबाई मला म्हणाल्या होत्या, "बाई, हे तर आम्ही म्हशीला टाकतो." त्यांच्यासमोरच मी तो किसला, त्यात ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, लसूण-मिरची, तीळ, ओवा घातला आणि धपाटे थापले. पाण्याचा थेंब लागला नाही, किसाच्या पाण्यातच पीठ भिजलं. या पांढऱ्या भागात सिट्रुलिन नावाचं अमिनो आम्ल असतं. ते पहिल्यांदा टरबुजाच्या रसातूनच वेगळं केलं गेलं आणि त्याला नावही सिट्रुलस या टरबुजाच्या शास्त्रीय नावावरून मिळालं.

बिया धुऊन वाळवायच्या. अर्ध्या बिया तव्यावर भाजून मीठ लावायचं. सोलल्या तर मगज. उरलेल्या बिया कार्डावर चिकटवून मोर, मुंग्यांची रांग, वारली नाच. आणि गाडी! आपल्याकडची मुलं ज्वारीच्या धाटांची बैलगाडी पिढ्यान्पिढ्या करत आली आहेत. मी त्यात एवढीच भर घातली की चाकं हिरव्या सालीची. डबीच्या झाकणानं गोल पाडायचे, धाटाचा आस घालायचा, छोट्या टरबुजाची अर्धी करवंटी वर बसवायची. दुसऱ्या दिवशी चाकं आक्रसतात आणि गाडी शेळीच्या पुढ्यात जाते. कचऱ्यात काही जात नाही.

दोन गोष्टींत मी तडजोड करत नाही. कापण्याआधी फळ बाहेरून स्वच्छ धुवायचं, कारण सालीवरचे जंतू चाकूबरोबर आत जातात. आणि आपल्या उन्हात कापलेलं टरबूज तासाभरात संपवायचं. एका शाळेनं सकाळीच फोडी करून ठेवल्या होत्या. दुपारी त्यांना आंबूस वास येत होता आणि काही मुलांनी त्या खाल्ल्या होत्या. संध्याकाळी तीन घरांतून पोटदुखीचे फोन आले. ती संध्याकाळ मी विसरलेले नाही. चार वर्षांखालच्या मुलांना बिया काढूनच द्या, घशात अडकतात.

 पुढच्या वेळी टरबूज घरी आणाल, तेव्हा सुरी हातात घेण्याआधी मुलांना हाक मारा.